जे दिसत नाही, त्याचे पैसे

आमच्या कराडच्या घराच्या अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवले, त्याच्या दुसऱ्याच पावसाळ्यात, जुलैमधल्या एका रात्री पाणी पायरी चढून व्हरांड्यात आले. घराला तीस वर्षे झाली होती. असे कधी झाले नव्हते. उजाडल्यावर पाहिले तर फाटकापासून पोर्चपर्यंत गाडीची चाके जातात त्या दोन पट्ट्यांवर ब्लॉक दोन-अडीच इंच खचले होते, मधला भाग वर राहिला होता आणि कुंपणाकडची शेवटची ओळ बाहेर सरकून फटी बोटभर रुंद झाल्या होत्या. रस्त्याकडे जायचे सोडून पाण्याने घराची वाट धरली होती. मी ठेकेदाराला फोन केला. तो आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. अंगणात एक फेरी मारून तो म्हणाला, "सर, एक तरी ब्लॉक फुटलाय का दाखवा." मी पाहिले. खरोखरच एकही फुटला नव्हता.

तेव्हा मला राग आला. पुढे विचार करता वाटले, त्याचे बरोबर होते. आमच्यात ठरले होते ते ब्लॉकचेच. मी तिघांना बोलावले होते आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारला होता: चौरस फुटाला काय घेणार? तिघांनी तीन आकडे सांगितले, मी त्यातला सर्वांत लहान निवडला. माझ्या डायरीत त्या कामाची नोंद एका ओळीची आहे: साठ मिलिमीटरचे ब्लॉक, बसवून, चौरस फुटाला अमुक. खालची काळी माती किती उपसायची, मुरूम किती इंच, तो दाबायचा कसा, उतार कोणत्या दिशेला, कडा कशाने धरायच्या, यातले एक अक्षरही तिथे नाही. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही.

गाडी आली की अंगण पक्के करायचे, हे आता शहरात आणि तालुक्याच्या गावात ठरूनच गेले आहे. कोणी कोबा करतो, कोणी ट्रिमिक्स, कोणी ब्लॉक, कोणी शहाबादी फरशी. आणि दोन-तीन वर्षांनी त्यातल्या निम्म्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते, ठेकेदाराने फसवले. ठेकेदार फसवतच नाहीत, असे मी म्हणणार नाही. पण माझे म्हणणे असे, की चौरस फुटाचा भाव विचारून या फसवणुकीची मागणी आपणच आधी नोंदवून ठेवतो. चौरस फूट हे पृष्ठभागाचे माप आहे. या कामातले जे टिकते ते सारे पृष्ठभागाच्या खाली असते, किंवा माणसे सामान आवरून निघून गेल्यानंतरच्या दहा दिवसांत घडते. मापच वरचे धरले की खालच्याचे पैसे कोणीच देत नाही, आणि ज्याचे पैसे कोणी देत नाही ते काम होत नाही.

आपल्या लोकांना हे पूर्वी कळत नव्हते असे नाही. कोकणात पावसाळा सरला की खळे नव्याने घालतात. पावसाने ढिली झालेली जमीन खणायची, ढेकळे फोडायची, पाणी मारायचे, चोपण्याने चोपून चोपून ती घट्ट करायची आणि मग शेणाने सारवायची. घरातली माणसे, शेजारची माणसे मिळून हे काम करत. देशावरही दिवाळीआधी अंगण चोपून सारवले जाई. सारवणाचा तो हिरवट गुळगुळीत थर म्हणजे अंगण नव्हे. अंगण म्हणजे खालची चोपलेली जमीन, हे त्या माणसांच्या हातांना ठाऊक होते, कारण चोपताना हात त्यांचेच दुखत. आणि अंगण दर वर्षी बिघडते, दर वर्षी नीट करावे लागते, हेही त्यांनी मान्य केलेले होते. सिमेंट आले आणि दोन्ही समजुती एकदम गेल्या. एकदा पक्के केले की कायमचे झाले, असे आपण मानू लागलो, आणि पक्केपणा वरच्या थरात असतो, असेही.

कृष्णेच्या खोऱ्यात तर हा गैरसमज फार महागात पडतो. इथली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात तिला पडणाऱ्या भेगांत मनगट जाते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. उसाला ती सोने आहे. गाडीच्या चाकाखाली मात्र ती दर वर्षी वरखाली होणारी गादी आहे. माझ्या अंगणात याच मातीवर इंच-दीड इंच कच पसरून थेट ब्लॉक मांडले होते. उन्हाळ्यात काम झाले, तेव्हा माती दगडासारखी कडक होती, त्यामुळे सारे कसे सपाट आणि सुंदर दिसले. पहिल्या पावसात ती फुगली, हिवाळ्यात बसली, दुसऱ्या पावसात चाकांखाली दबली. यात ब्लॉकचा काय दोष? पेव्हिंग ब्लॉकसाठी आपल्याकडे आयएस १५६५८ हे मानक आहे. हलक्या वाहनांसाठी साठ मिलिमीटर जाडीचा, एम ३५ दर्जाचा ब्लॉक धरतात. माझे ब्लॉक त्यात बसतही असतील. पण मानकातला ब्लॉक काळ्या मातीवर ठेवला म्हणून काळी माती मानकात बसत नाही.

ब्लॉकचे काम खरे चालते ते असे. आधी काळी माती फूट-दीड फूट उपसून काढायची. मग मुरूम भरायचा, पण एकदम नाही. चार-सहा इंचांचा थर टाकायचा, त्यावर पाणी मारायचे, रोलरने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबायचे आणि मगच पुढचा थर. मुरमाचा ओलावा योग्य आहे की नाही हे जुने गवंडी मुठीने ओळखतात: मूठ दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी सुटू नये. कोरडा मुरूम दाबला जात नाही, फार ओला झाला तर रोलरखाली लोण्यासारखा सरकतो. त्यावर इंचभर कच, वर ब्लॉक, आणि फटींत बारीक कोरडी रेती झाडून झाडून भरायची. एक ब्लॉक दुसऱ्याला धरून ठेवतो तो या रेतीमुळे; चाकाचे वजन एकावर पडले तरी शेजारचे चार ते वाटून घेतात. पण हे वाटून घेणे तेव्हाच होते, जेव्हा चारी बाजूंनी काँक्रीटची कडा असते. कडा नसली की शेवटची ओळ सरकते, मग तिच्या आतली, मग सारेच. माझ्या अंगणात कडा नव्हती. चौरस फुटाच्या भावात कडा येत नाही, कारण कडा फुटांत मोजतात.

कोब्याचा हिशेब याहून उघड आहे, आणि तो प्रत्येक घरमालकाने एकदा कागदावर मांडावा. हजार चौरस फूट जागेत चार इंच जाडीचे काँक्रीट म्हणजे ३३३ घनफूट माल. तीनच इंच टाकले तर २५० घनफूट. एक इंच चोरला की सिमेंट, खडी आणि क्रश सँड यांचा चौथा हिस्सा वाचतो. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, मोजपट्टीने लांबी-रुंदी मोजली तरी सारखीच भरते. पण वाकण्याला तोंड देण्याची काँक्रीटच्या थराची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. जाडी पाऊण झाली की ताकद पाऊण राहत नाही. ती जवळजवळ निम्म्यावर येते, शंभरातले छप्पन्न उरतात. चोरी एक चतुर्थांशाची आणि नुकसान जवळपास निम्म्याचे, असा हा व्यवहार आहे. जाडी पाहण्याचा क्षण एकच असतो: माल टाकण्याआधी कडेच्या फळ्या लागलेल्या असतात तेव्हा. त्या वेळी फळीच्या वरच्या कडेला दोरी ताणून जमिनीपर्यंतचे अंतर पाच-सात ठिकाणी मोजायचे. फक्त कडेला नव्हे, मधोमधही. कडेला चार इंच आणि मध्ये अडीच, हा फार जुना प्रकार आहे.

त्यानंतरची गोष्ट पाण्याची, आणि इथे घरमालक स्वतःच चूक करतो. काँक्रीटमध्ये पाणी किती घालायचे याला मर्यादा आहे. आयएस ४५६ या मानकात एम २० दर्जाच्या ठरीव प्रमाणातल्या मिश्रणासाठी पन्नास किलोच्या एका पोत्याला जास्तीत जास्त तीस लिटर पाणी सांगितले आहे, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या. खडी किंवा रेती ओली असेल तर तिच्यातले पाणीही यातच धरायचे. प्रत्यक्षात काय होते? पाईप मिक्सरमध्ये सोडलेला असतो. माल सैल झाला की पसरायला सोपा जातो, कंबर कमी दुखते, वर घोटाई गुळगुळीत येते. उभा राहून पाहणारा मालकही म्हणतो, "जरा पातळ करा, नीट बसेल." जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. वरून सिमेंटची साय गुळगुळीत दिसते, आणि वर्षभरात तीच साय पोपडे धरून झाडूबरोबर निघू लागते.

आणि मग पाणी मारणे. पाणी घालताना उदार असलेला माणूस पाणी मारताना कंजूष होतो. काँक्रीट वाळून कडक होत नाही. सिमेंट आणि पाणी यांचा संयोग होऊन ते कडक होते, आणि तो संयोग चालू राहायला ओलावा टिकावा लागतो. मानक सांगते की साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओल हवी. दुकानात आज सहज मिळणारे पोते बहुधा राखमिश्रित, म्हणजे पीपीसी असते, तेव्हा दहा दिवसच धरावेत. आपल्याकडे ही कामे निघतात एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आत उरकायची म्हणून. चाळिशीच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ नळी फिरवून काय होते? तासाभरात पृष्ठभाग पांढरा पडतो. मातीचे किंवा सिमेंटचे बांध घालून आळी करावी, त्यात इंचभर पाणी साठवावे, किंवा बारदान पसरून ते सतत ओले ठेवावे. हे कोण करणार? ठेकेदाराची माणसे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावर गेलेली असतात. मालकाला वाटते, काम तर झाले. साऱ्या कामात ज्या दहा दिवसांत सर्वांत जास्त ताकद सर्वांत कमी खर्चात मिळते, तेच बेवारस असतात. माझ्या मते काम ठरवताना पहिला प्रश्न भावाचा नसावा, पाणी कोण मारणार हा असावा.

आता ठेकेदाराच्या बाजूने पाहू. ती बाजू पाहिली नाही तर हा विचार अर्धा राहील. आमच्या अंगणाचे काम दुसऱ्यांदा ज्यांनी केले ते साठीतले गवंडी, सारे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी मला एकदा विचारले, "सर, चाळीस वर्षांत शेवटचा हप्ता पुरता किती मालकांनी दिला असंल?" मी गप्प बसलो. ते म्हणाले, "बोटावर मोजण्याइतक्यांनी." काम संपत आले की मालकाला चुका दिसू लागतात, ओळ वाकडी दिसते, रंग उतरल्यासारखा वाटतो, आणि शेवटचे दहा-पंधरा हजार 'बघू, पुढच्या आठवड्यात' म्हणत राहून जातात. हे ठेकेदाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. म्हणून तो नफा पहिल्या दोन हप्त्यांतच काढून घेतो, आणि तो काढायची जागा म्हणजे मुरूम, कच, सिमेंट. मालक पैसे अडवतो कारण काम कच्चे असते, आणि काम कच्चे असते कारण पैसे अडतील याची ठेकेदाराला खात्री असते. या फेऱ्याला कोणी तरी पहिल्यांदा तोडायचे आहे, आणि ज्याच्या हातात पैसा आहे त्यानेच ते करावे, असे मला वाटते.

भाव खाली ओढला की तो आणखी एका ठिकाणाहून वसूल होतो. खडीचा भाव क्रशरवाला ठरवतो, सिमेंटचा कंपनी, डिझेलचा बाजार. ठेकेदाराच्या हातात कमी करण्याजोगे एकच राहते, ते म्हणजे नाक्यावरून आणलेल्या माणसांची मजुरी. आमच्या पहिल्या कामावर दोन नवरा-बायको जोड्या होत्या. बाया डोक्यावरून घमेली वाहत होत्या, पुरुष उघड्या हातांनी माल ओढत होते. ओले सिमेंट तीव्र क्षारयुक्त असते, ते कातडी खाते. संध्याकाळी त्यांच्या बोटांच्या पेरांवर भोके पडलेली मी पाहिली आणि तरी काही बोललो नाही. हातमोज्यांचे चार जोड किती रुपयांचे? रबरी बूट किती रुपयांचे? ते भावात धरलेले नव्हते आणि मी धरायला सांगितले नव्हते. दिवसभर राबणाऱ्या बायांना आमच्या घरातले स्वच्छतागृह वापरा, हेही त्यांना तिसऱ्या दिवशी सांगितले, तेही माझ्या पत्नीने. अंगणाखाली दडलेल्या गोष्टींत मी हेही मोजतो.

म्हणून कागद करावा. आपल्याकडे घरगुती कामाचा कागद मागितला की समोरच्याला अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. तोंडी करारही १८७२ च्या करार कायद्याखाली करारच असतो, पण तो सिद्ध करायचा कशाने? शिवाय कागदाचा खरा उपयोग भांडणाच्या वेळी होत नाही, लिहिण्याच्या वेळी होतो. मुरूम किती इंच हे लिहायला बसले की ठेकेदार लगेच म्हणतो, "तेवढा घालायचा तर भाव वाढंल." हेच तर ऐकायचे असते. इतके दिवस दडलेला खर्च त्या क्षणी उघडा होतो, आणि मग तीन ठेकेदारांचे भाव एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात, कारण आता तिघेही एकाच कामाचा भाव सांगत असतात. माझ्या पहिल्या तीन भावांत तीन वेगवेगळी कामे होती, आणि मी ती एकच समजून तुलना केली होती.

सरकारी बांधकामात एक पद्धत आहे, तिच्या अंमलाबद्दल काहीही म्हणा, तत्त्व चांगले आहे: दोष दायित्व कालावधी. काम झाल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत दोष निघाला तर दुरुस्ती ठेकेदाराने करायची आणि तोवर त्याच्या पैशांतली काही अनामत अडकून राहायची. घरच्या कामालाही हे लावावे, पण मुदत महिन्यांत न ठरवता पावसाळ्यात ठरवावी. अंगणाची परीक्षा पाऊस घेतो. मामांशी आम्ही ठरवले की दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, दसऱ्याला द्यायची. आणि ती देऊच, याची खात्री त्यांना वाटावी म्हणून मी तेवढ्या रकमेचा दसऱ्याच्या तारखेचा धनादेश पहिल्याच दिवशी लिहून त्यांच्या हातात ठेवला. विश्वास दोन्ही बाजूंनी दिसला पाहिजे.

इतके करूनही काम बिघडले आणि समोरचा फिरकला नाही, तर मार्ग नाही असे समजू नये. घरबांधणी ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. बहुतेक अंगणे त्या मर्यादेत येतात. मी तक्रार केली नाही, कारण माझ्या डायरीतल्या त्या एका ओळीप्रमाणे ठेकेदाराने काम पुरे केले होते.

इथवर मी अंगण टिकण्याबद्दल बोललो. त्याहून मोठा प्रश्न त्या रात्री व्हरांड्यात आलेल्या पाण्याने मला घातला: सारे अंगण झाकायचेच कशाला? हजार चौरस फुटांवर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे साडेचार हजार लिटर पाणी होते, पाच हजार लिटरच्या टँकरहून थोडेच कमी. पूर्वी त्यातले बरेचसे माझ्या अंगणात जिरत असे, आंब्याच्या मुळांशी, पारिजातकाच्या आळ्यात. ब्लॉक बसवल्यावर ते सारे पाणी काही मिनिटांत रस्त्यावर किंवा माझ्या व्हरांड्यात येऊ लागले. माझ्या आळीत चौदा घरे आहेत. त्यांतल्या अकरांनी अंगण पक्के केले आहे. आमची आळी उताराला आहे आणि खालच्या टोकाला एका धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे पत्र्याचे घर आहे. अकरा अंगणांतले टँकर तिच्या दारात रिकामे होतात. हे मला तोवर दिसले नव्हते, कारण पाऊस पडत असताना मी कधी आळीच्या खालच्या टोकाला गेलोच नव्हतो.

यात भर पडते ती गल्लीत घातल्या जाणाऱ्या ब्लॉकांची आणि काँक्रीटची. आधीचे उखडायचे नाही, त्यावरच नवा थर टाकायचा, आणि दर वेळी रस्ता चार-सहा इंचांनी वर उचलायचा. जुन्या पेठांमध्ये कित्येक घरांचे ओटे असे रस्त्याच्या खाली गेले आहेत. मग घरमालक आपले अंगण रस्त्याहून उंच करतो, शेजारी त्याहून उंच. या चढाओढीत हरतो तो घर उचलायला पैसे नसलेला. घरच्या कामातही "जुन्या कोब्यावरच टाकू, उखडायचा खर्च वाचंल" असे कोणी म्हणाले, तर त्या वाचलेल्या खर्चाचे पाणी कोणाच्या घरात जाणार हे आधी विचारावे.

जमीन माझी, मी ती झाकेन नाही तर उघडी ठेवेन, असे म्हणणाऱ्यांशी मला इथे सरळ वाद घालायचा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वरच्या जमिनीच्या मालकाला एक हक्क दिला आहे: त्याच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहू देण्याचा. त्यातला 'नैसर्गिकपणे' हा शब्द मला निर्णायक वाटतो. सिमेंटने झाकलेल्या अंगणावरून, पाईप लावून शेजाऱ्याच्या भिंतीशी सोडलेले पाणी नैसर्गिक म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये २००७ च्या पुरांनंतर, १ ऑक्टोबर २००८ पासून, घरापुढची पाच चौरस मीटरहून अधिक जागा पाणी न जिरणाऱ्या फरसबंदीने झाकायची आणि पाणी रस्त्यावर सोडायचे तर नियोजन परवानगी लागते. पाणी जिरणारी फरसबंदी केली किंवा पाणी आपल्याच बागेत वळवले तर लागत नाही. जर्मनीत अनेक नगरपालिका घराच्या झाकलेल्या जागेच्या चौरस मीटरप्रमाणे पावसाच्या पाण्याचे शुल्क आकारतात. म्हणजे चौरस फुटाचा भाव तिथेही आहे, पण तो जमीन झाकल्याबद्दल द्यावा लागतो. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितले. आपल्या नगरपालिका असे काही करतील तेव्हा करोत. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला; त्या रात्री शहरात आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली, जनावरेही गेली. त्या पुराची मोठी कारणे वेगळी होती: ओढ्याच्या पात्रातली बांधकामे, वळवलेले आणि अरुंद झालेले प्रवाह, तो अफाट पाऊस. अंगणांवर त्याचे सारे खापर फोडता येणार नाही. पण ओढ्यात पाणी येते ते उतारावरच्या हजारो छोट्या जागांवरून, आणि त्यातली एक माझी असते.

माझ्या अंगणाच्या दुसऱ्या कामासाठी मामा आले ते मोजपट्टी न घेता. त्यांनी बादलीभर पाणी मागितले, पायरीशी ओतले आणि ते कुठे जाते ते पाहत उभे राहिले. मग पोर्चपाशी, मध्ये आणि फाटकाशी अशी तीनदा बादली ओतली. "आधी पाणी, मग फरशी," एवढेच म्हणाले. नंतर कुदळ घेऊन चाकाच्या पट्ट्यात फूटभर खड्डा काढला आणि ओल्या काळ्या मातीचा गोळा माझ्या हातात दिला. भाव त्यांनी चौथ्या दिवशी सांगितला. तो पहिल्या ठेकेदाराच्या जवळजवळ तिप्पट होता, चौरस फुटामागे. पण त्यांनी हजार चौरस फूट झाकायला नकार दिला. चाकांसाठी अडीच फुटांचे दोन पट्टे, गाडी उभी राहण्यापुरती जागा, मिळून साडेतीनशे चौरस फूट. बाकीचे अंगण मातीचे, दोन पट्ट्यांच्या मध्ये हरळी, आंब्याभोवती मीटरभर मोकळे. एकूण खर्च पहिल्याइतकाच आला. काळी माती सव्वा फूट उपसली, मुरूम तीन थरांत दाबला, चारी बाजूंना काँक्रीटची कडा, आणि पन्नास फुटांना एक फूट या बेताने घरापासून फाटकाकडे उतार. जुने ब्लॉक फुटलेले नव्हतेच. त्यातलेच साडेतीनशे फुटांना पुरेसे पुन्हा वापरले.

त्यानंतर तीन पावसाळे गेले. चाकांचे पट्टे जागचे हललेले नाहीत. मामांचा धनादेश पहिल्याच दसऱ्यानंतर वटला.

अंगणाचे काम काढणाऱ्याला माझी एकच विनंती आहे. ठेकेदाराला बोलावण्याआधी एक पावसाळा थांबा. जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन अंगणात उभे राहा, पाणी कुठून येते, कुठे थांबते, कुठे जाते ते पाहा, आणि त्या पाण्याच्या मागे चालत आपल्या आळीच्या खालच्या टोकापर्यंत जाऊन या.